वाचकांचे प्रश्न : छोटा ट्रॅक्टर, सरी आणि चिखल

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं १५ ते ३० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरांबद्दल होती, म्हणून सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. निपाणी-चिकोडीची काळी मळी, अथणीकडची द्राक्षबाग आणि खानापूरचं पावसाळी भातरान या तिन्हींना एकच ट्रॅक्टर सारखा चालत नाही. त्यामुळे प्रश्न कुठून आला हे प्रत्येक वेळी लिहिलं आहे. आपलं रान कशाशी जुळतं ते पाहून उत्तर वाचावं.

प्रश्न : साडेतीन एकर ऊस आहे, सरी साडेचार फुटी. नांगरट, रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) भाड्याने करून घेतो. भरणीला (उसाच्या बुडाला माती लावायला) बैलजोडी मिळेनाशी झाली आहे. १८ ते २४ एचपीचा ट्रॅक्टर घ्यावा म्हणतो. कोणता घ्यावा, आणि परवडेल का? (निपाणी)

उत्तर : एचपी नंतर बघू. आधी फीत घेऊन विक्रेत्याकडे जा आणि मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत रुंदी मोजा. माहितीपत्रकात दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर छापलेलं असतं. टायरची रुंदी त्यात धरलेली नसते. ते वाचून फसगत होते.

साडेचार फूट म्हणजे १३७ सेंमी. फुटव्यांसह उसाच्या बेटाची रुंदी २० सेंमी धरली तर सरीत मोकळी जागा उरते ११७ सेंमी. ट्रॅक्टर १०५ सेंमी रुंद असेल तर दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंमी. लावण जरा जरी वाकडी असली तरी टायर बेटावर चढणार आणि फुटवे मोडणार. हाच ट्रॅक्टर पाच फुटी सरीत (१५२ सेंमी) घातला तर दोन्ही बाजूंना साडेतेरा सेंमी मिळतात, आणि साधा सरावलेला माणूसही तो नीट चालवतो. म्हणून दोनच वाटा आहेत: ९० ते ९५ सेंमी रुंदीचा अरुंद ट्रॅक्टर घ्यायचा, नाहीतर पुढची लावण पाच फुटावर करायची. आमचा कौल दुसऱ्या वाटेला आहे. अरुंद ट्रॅक्टर बांधावरून आणि पाणंदीच्या उतारावर कलंडायला वेळ लागत नाही. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांच्या मागच्या चाकांची तबकडी उलटी बसवून रुंदी कमी-जास्त करता येते. भरणीपुरती रुंदी कमी करा आणि काम झालं की पुन्हा वाढवा.

सरीत चालवायचा रोटर साडेचार फुटीला ८० सेंमीपेक्षा मोठा नको. तेवढ्यात बेटाच्या कडेपासून दोन्हीकडे साधारण १८ सेंमी माती अस्पर्श राहते. त्याहून जवळ गेलं की मुळ्या तुटतात आणि ऊस आठवडाभर पिवळा पडतो. बाळभरणी दीड-दोन महिन्यांनी, मोठी भरणी साडेतीन ते चार महिन्यांच्या आत, पाल्याने सरी मिटण्यापूर्वी. सरी मिटल्यावर ट्रॅक्टर आत घालू नका. पाला रेडिएटरच्या जाळीवर बसतो आणि दहा मिनिटांत पाणी तापतं.

आता एचपी. इंजिनाच्या एचपीपैकी पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरमागच्या दांड्यावर) साधारण ८५ टक्के मिळतात, म्हणजे २४ एचपीच्या ट्रॅक्टरला २० च्या आसपास. सरीतल्या रोटरला आणि रिजरला (माती लावणाऱ्या अवजाराला) १८ ते २० एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. उघड्या रानात एक मीटरचा रोटर २४ एचपीवर व्यवस्थित चालतो. पण काळ्या मळीत खोडव्यानंतरची पहिली नांगरट आणि पाचटाची कुट्टी हे छोट्या ट्रॅक्टरचं काम नव्हे. ती दोन कामं पुढेही भाड्याच्या मोठ्या ट्रॅक्टरनेच करून घ्यावी लागतील, हे धरूनच हिशोब करा. बाजारात १५ एचपीचा स्वराज ७१७, २० एचपीचा महिंद्रा जिवो २२५, २४ एचपीचा कुबोटा बी२४४१ असे पर्याय आहेत. गावाच्या वीस-पंचवीस किलोमीटरात ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतात तो घ्या.

परवडेल का? ट्रॅक्टर आणि रोटर मिळून सहा लाख धरू. दहा वर्षांनी ३० टक्के किंमत येईल असं मानलं तर घसारा वर्षाला ४२ हजार. सरासरी गुंतवणुकीवर १० टक्के व्याज ३९ हजार. विमा, शेड, किरकोळ मिळून १४ हजार. म्हणजे ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असला तरी वर्षाला ९५ हजार. साडेतीन एकर उसाला तुमचे तास भरतील ६० ते ८०. ऐंशी तासांवर हा खर्च वाटला तर तासाला सुमारे १,२०० रुपये होतात, आणि डिझेल वेगळं. तीनशे तास चालला तर तोच खर्च तासाला सव्वातीनशेवर येतो. तेव्हा भावकीत दोघा-तिघांत मिळून घेणार असाल किंवा शेजारच्या शिवारात भरणीची कामं धरणार असाल तरच घ्या. नुसत्या साडेतीन एकरासाठी आठ-नऊ एचपीचा पॉवर वीडर भरणीचं काम करून देतो आणि त्याला कर्ज काढावं लागत नाही.

दर विचारताना एक लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचं कोटेशन हातात असेल तर ते बाजूला ठेवून नवं मागा. कृषी खात्याच्या योजनेतून घ्यायचा असेल तर आधी होबळीच्या (महसुली मंडळाच्या) रयत संपर्क केंद्रात जा. फ्रूट्स (शेतकरी) नोंदणी क्रमांक, आरटीसी उतारा, आधार, बँक पासबुक लागतं. मंजुरी हातात येण्याआधी पैसे भरून ट्रॅक्टर घरी आणू नका.

प्रश्न : २४ एचपीच्या ट्रॅक्टरला नवा चार फुटी रोटर जोडला. वळताना रोटर उचलला की शाफ्ट खडखडतो. पंधरा दिवसांत एक क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला फुलीसारखा भाग) तुटला, दुसरा घातला तोही ढिला झाला. रोटरवाला म्हणतो ट्रॅक्टरचा दोष, ट्रॅक्टरवाला म्हणतो रोटरचा. (चिकोडी)

उत्तर : बहुधा दोघांचाही नाही. रोटरसोबत येणारा पीटीओ शाफ्ट मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाचा असतो. छोट्या ट्रॅक्टरवर पीटीओ आणि रोटरचा गिअरबॉक्स यांतलं अंतर कमी असतं, आणि शाफ्ट न कापता तसाच बसवला जातो. मग रोटर वरखाली होताना शाफ्टला आत सरकायला जागा उरत नाही. तो दोन्हीकडे ढकलायला लागतो. आधी क्रॉस जातो, मग पीटीओचं बेअरिंग, आणि शेवटी मागचं हाउसिंगच तडकतं. क्रॉस काही शेकड्यांत मिळतो. हाउसिंगसाठी मागचा भाग सगळा उघडावा लागतो. तेव्हा शाफ्टचं माप होईपर्यंत रोटर चालवू नका.

इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात ठेवा. शाफ्टचे दोन्ही अर्धे वेगळे करा. एक पीटीओवर आणि दुसरा रोटरवर चढवा. मग पीटीओ बंद ठेवूनच इंजिन चालू करा, आणि रोटर हायड्रॉलिकने हळूहळू वर-खाली करून पीटीओ आणि गिअरबॉक्सचा दांडा जिथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात ती जागा शोधा; बहुतेक वेळा दोन्ही एका ओळीत असतात तेव्हाच. खाली लाकडी ठोकळे लावून रोटर तिथेच टेकवा आणि इंजिन पुन्हा बंद करा, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर हात आत घालू नका. दोन्ही अर्धे एकमेकांशेजारी धरून बघा. प्रत्येक अर्ध्याचं टोक समोरच्या क्रॉसच्या काट्यापासून निदान चार सेंमी अलीकडे थांबलं पाहिजे. जेवढं जास्त आहे तेवढं दोन्ही बाजूंनी सारखं कापा: बाहेरची नळी, आतला दांडा, आणि प्लास्टिकचं कव्हर दोन्हीकडचं. कापलेल्या तोंडाची धार कानशीने काढून टाका, ग्रीस लावा आणि जोडा. आता रोटर सर्वांत लांबच्या जागेला नेऊन पुन्हा बघा. तिथेही दांडा नळीत निदान १५ सेंमी गुंतलेला हवा. तेवढा राहत नसेल तर शाफ्ट आखूड पडला. तो वापरू नका, दुसरा आणा.

दुसरं कारण काटे चुकीचे बसणं. शाफ्ट चौकोनी असेल तर तो ९० अंशांनी फिरूनही आत जातो. मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एकाच पातळीत, एकमेकांसमोर हवेत. आडवे-उभे बसले तर प्रत्येक फेऱ्यात झटका बसतो आणि क्रॉस टिकत नाही. दोन मिनिटांत दिसतं, तरी हे तपासायचं राहून जातं.

तिसरं कारण कोन. टॉप लिंक (अवजाराला वरून धरणारा, लांबी बदलता येणारा दांडा) फिरवून रोटर असा लावा की चालताना त्याच्या गिअरबॉक्सचा दांडा ट्रॅक्टरच्या पीटीओला समांतर राहील. वळताना रोटर २० ते २५ सेंमीच उचला, पाती मातीबाहेर आली की पुरे. हायड्रॉलिक लिव्हरला थांबा असतो तो तेवढ्यावर बांधून घ्या. बांध ओलांडायला जास्त उचलायचा असेल तर आधी पीटीओ बंद. तुमच्या ट्रॅक्टरला पीटीओचे दोन वेग असतील तर रोटरला नेहमी ५४० चाच. वरच्या वेगावर माती बारीक होते असं वाटतं, पण पाती, साखळी आणि शाफ्ट तिघांचंही आयुष्य कमी होतं.

शिअर बोल्ट (जास्त ताण आला की गिअरच्या आधी तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच मापाचा, त्याच ग्रेडचा घाला. सळईचा तुकडा घातला की पुढच्या दगडाला बोल्टऐवजी गिअर तुटतो. क्रॉसला ग्रीस रोज, काम सुरू करण्याआधी. दांड्याला आठवड्यातून एकदा.

आणखी एक गोष्ट. चार फुटी रोटर २४ एचपीवर काळ्या रानात कडेलाच आहे. इंजिन दबून काळा धूर येत असेल तर गिअर कमी करा, खोली कमी करा. पाती बदलताना संच पूर्ण बदला. नवी आणि झिजलेली मिसळली तर रोटर थरथरतो.

प्रश्न : आमच्याकडे जुलैत चिखलणी (भातलावणीआधी रानात चिखल करणं). गेल्या वर्षी चिखलणीनंतर क्लच सुटेनासा झाला, मागचं ऑइल दुधासारखं निघालं. यंदा काय काळजी घ्यावी? (खानापूर तालुका)

उत्तर : ऑइल दुधाळ म्हणजे पाणी आत शिरलं. ते एकतर ॲक्सलच्या सीलमधून किंवा ब्रीदरमधून (आतली हवा ये-जा करण्याच्या छोट्या तोंडातून) जातं. क्लच चिकटला म्हणजे क्लच हाउसिंगमध्ये गढूळ पाणी गेलं आणि प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरली. दोन्ही टाळता येतात.

क्लच हाउसिंगच्या तळाला बऱ्याच ट्रॅक्टरांना एक भोक असतं. एरवी ते उघडं ठेवतात, कारण आत ऑइल गळायला लागलं तर तिथून ठिबकून कळतं. चिखलणीला जाण्याआधी त्यात प्लग घट्ट बसवायचा. काम संपलं की तो प्लग काढून आतलं पाणी निथळू द्यायचं आणि पुन्हा उघडं ठेवायचं. पुस्तकात त्याची जागा दाखवलेली असते, नसेल तर मेकॅनिककडून पाहून घ्या. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे ब्रीदर माती साफ करून मोकळे ठेवा. बुजलेला ब्रीदर हेच सील फुटण्याचं मोठं कारण. ॲक्सल कामाने तापतो, गार पाण्यात जातो, आतली हवा आकसते, आणि ब्रीदर बंद असेल तर पाणी सीलच्या ओठातून आत ओढलं जातं.

किती खोल जायचं? चाकाच्या मध्यापर्यंत पाणी किंवा चिखल आला की थांबायचं. छोट्या ट्रॅक्टरचं चाक लहान, म्हणून ही मर्यादा लवकर येते. खानापूरच्या झऱ्याच्या रानात, जिथे पावसाळाभर खालून पाणी लागतं, तिथे आधी काठीने खोली बघा.

चिखलणीची रीत अशी. रान निदान एक दिवस पाण्यात भिजू द्या. पाणी पाच ते सात सेंमी, जास्त नको; जास्त असेल तर पाती नुसतं पाणी घुसळतात. फोर व्हील ड्राइव्ह टाका. पहिली पाळी लो गिअरमध्ये, खोली दहा-बारा सेंमी, रोटरची मागची फळी थोडी उचललेली. चोवीस तास बसू द्या, मग दुसरी पाळी आडवी, फळी खाली टेकवून. तेवढ्यात रान सपाटही होतं. तिसरी पाळी मारली की माती इतकी घट्ट बसते की नंतरच्या पिकाला त्रास होतो. मागच्या टायरला लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावली तर ट्रॅक्टर तरंगल्यासारखा चालतो. पण ती लावून डांबरी रस्त्यावर जायचं नाही, बांधावरून तिरपं चढायचं नाही. बांध नेहमी सरळ काटकोनात, रिव्हर्समध्ये चढा.

रुतला तर? रोटर उचला, पीटीओ बंद करा, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) दाबून सरळ रेषेत मागे यायचा प्रयत्न करा. निघत नसेल तर लगेच थांबा. चाक फिरत राहिलं की दर फेऱ्याला खोल जातं. चाकासमोरचा चिखल फावड्याने काढा, फळ्या घाला, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने खालच्या हुकाला साखळी लावून ओढा. मागच्या चाकांना ओंडका बांधून गिअर टाकणं कधीही करू नका. चाक फिरू शकलं नाही की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरलाच ॲक्सलभोवती फिरवतो. पुढचा भाग उचलतो आणि क्षणात ट्रॅक्टर चालवणाऱ्यावर उलटा पडतो. दर पावसाळ्यात माणसं अशीच जातात.

रोज संध्याकाळी धुणं सक्तीचं. चाकांमध्ये, रोटरच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगपाशी गवत आणि सुतळी गुंडाळलेली असते, ती चाकूने कापून काढा. तीच सील खाते. पाण्याचा जोर रेडिएटरच्या जाळीवर, अल्टरनेटरवर आणि ब्रीदरवर थेट मारू नका. धुतल्यावर सगळ्या निपलना ग्रीस, जुनं गढूळ ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. ब्रेक थोडा दाबून शंभर फूट चालवा म्हणजे सुकतो. चिखलणीचा हंगाम संपला की डिपस्टिक बघा, आणि पुढच्या ॲक्सलच्या हबचा तळचा प्लग किंचित सैल करा. आधी पाणी आलं तर सगळं ऑइल बदला. दुधाळ ऑइलवर आठवडाभर चालवलं तरी बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात.

गेल्या वर्षीचा चिकटलेला क्लच सुटला असेल तरी प्लेट एकदा उघडून बघाच.

प्रश्न : डिझेल संपलं आणि ट्रॅक्टर बंद पडला. नंतर टाकी भरली तरी चालू होत नाही. मेकॅनिक दोन दिवस येत नाही. (हुक्केरी)

उत्तर : पाइपात हवा शिरली आहे. स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी जाईल. टाकी निम्म्याहून जास्त भरा आणि खालचा नळ उघडा. पहिल्या फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू दीड-दोन आटे सैल करा. हँड पंपचा दट्ट्या मारत राहा. आधी फेस येईल, मग फेसाशिवाय सलग डिझेल. दट्ट्या दाबून धरूनच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, याच क्रमाने. आता स्टार्टर दहा सेकंद मारा आणि अर्धा मिनिट थांबा. तरीही घेत नसेल तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एक आटा सैल करून, हात आणि तोंड दूर ठेवून स्टार्टर मारा. डिझेल ठिबकलं की नट आवळा. या पाइपातला फवारा कातडीत घुसण्याएवढ्या दाबाचा असतो, म्हणून गळती बोटाने तपासू नका, पुठ्ठा धरा. काही नव्या ट्रॅक्टरांना विजेवरचा पंप असतो. तिथे किल्ली ऑन करून थोडा वेळ थांबलं की बरंचसं काम आपोआप होतं.

हवा पुन्हा पुन्हा शिरत असेल तर तांब्याचे वॉशर, फिल्टरच्या भांड्याची रबरी रिंग आणि टाकीपासूनचा रबरी पाइप बघा. पाइप चिरला तर डिझेल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी घेत नसेल आणि दुपारी घेत असेल, तर हवा नव्हे. ग्लो प्लग (गार इंजिन चालू होताना आत ऊब देणारा प्लग) गेलेला असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : द्राक्षबागेत नऊ फुटी ओळ. छोट्या ट्रॅक्टरला ६०० लिटरचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) आहे. एकरी ४०० लिटर पाणी जावं असा सल्ला आहे, पण कधी ३०० जातं, कधी ५००. (अथणी)

उत्तर : वेग आणि नोझल यांची जोडी बसलेली नाही. हे सूत्र वहीत लिहून ठेवा: एकरी लिटर × ताशी किलोमीटर × ओळीतलं अंतर मीटरमध्ये, भागिले २४३. उत्तर येतं ते सगळ्या नोझलांतून मिळून मिनिटाला किती लिटर पडलं पाहिजे याचं. तुमचं नऊ फूट म्हणजे २.७४ मीटर. वेग साडेतीन किलोमीटर धरला तर ४०० × ३.५ × २.७४ ÷ २४३, म्हणजे मिनिटाला सुमारे १५.८ लिटर. दहा नोझल असतील तर प्रत्येकी १.६ च्या आसपास.

वेग मीटरवर बघू नका, बागेत मोजा. ५० मीटरवर खुंट्या मारा, टाकी निम्मी भरलेली ठेवा, पीटीओ ५४० च्या खुणेवर आणि नेहमीचा गिअर. साडेतीन किलोमीटर वेगाला ५१ सेकंद लागले पाहिजेत. मग ट्रॅक्टर उभा करून, पंखा बंद ठेवून, साध्या पाण्यावर प्रत्येक नोझलखाली मापाचं भांडं एक मिनिट धरा. सरासरीपेक्षा दहा टक्क्यांनी कमी-जास्त पडणारं नोझल बदला. काड्यांनी टोकरू नका, भोक मोठं होतं. वेग कमी-जास्त करायचा तर गिअर बदलून करा. ॲक्सिलरेटर हलवला की पंख्याची हवा आणि पंपाचा दाब दोन्ही बदलतात, आणि तुमच्या ३०० ते ५०० च्या फरकाचं मूळ तिथेच असावं.

प्रश्न : कोल्हापूरहून जुना छोटा ट्रॅक्टर घेतोय, पासिंग एमएच-०९. घर बेळगाव तालुक्यात. कागदपत्रं कोणती, आणि ट्रॅक्टरात काय बघावं? (बेळगाव)

उत्तर : मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यातलं वाहन बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवायचं असेल तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. विक्रेत्याकडून कोल्हापूर आरटीओची एनओसी म्हणजे ना हरकत दाखला (फॉर्म २८), सही केलेले फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी, चालू विमा, आणि कर्ज असेल तर बँकेचं पत्र व फॉर्म ३५ घ्या. इथे फॉर्म २७ भरून केए-२२ क्रमांक मिळतो, चिकोडीकडच्यांना केए-२३. एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. चासी क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. ज्यांचं घर निपाणीत आणि रान कागल तालुक्यात आहे, त्यांनी ट्रॅक्टर कायम जिथे उभा राहतो तिथली नोंदणी ठेवावी.

ट्रॅक्टर बघायला सकाळी लवकर जा आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं नाही ना, हे हात लावून बघा. गार इंजिन चालू केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर चालतो. निळसर धूर टिकला तर ऑइल जळतंय. ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून जोरात वाफा येत असतील तर रिंगा झिजल्या. रोटर जोडून पूर्ण उचला, इंजिन बंद करा, पाच मिनिटं बघा. हळूहळू खाली बसत असेल तर हायड्रॉलिकच्या सीलचा खर्च धरा. पुढची चाकं जॅकवर घेऊन हाताने हलवा. फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या ॲक्सलचं काम महागडं असतं, म्हणून हबपाशी ओलावा दिसला तर भाव तिथेच पाडा. तासांच्या मीटरवर विसंबू नका. क्लच पेडलचं रबर आणि लोअर लिंकच्या गोळ्यांची झीज खरं सांगतात.

प्रश्न : भाजी, शेणखत नेण्यासाठी ट्रॉली करावी म्हणतो. २० एचपीला किती टनाची? आणि पुढचे टायर वर्षातच झिजले, असं का? (संकेश्वर)

उत्तर : दोन्ही प्रश्न एकमेकांना लागून आहेत. टायर झिजले कारण डांबरी रस्त्यावर फोर व्हील चालू राहिलं. पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशीच रचना असते. मातीत तो फरक घसरून निघतो, डांबरावर तो टायर घासतो आणि गिअरवर ताण देतो. रस्त्याला लागलं की फोर व्हीलचा लिव्हर काढायचा.

ट्रॉलीचं म्हणाल तर २० एचपीचं इंजिन दोन-अडीच टन ओढेल, पण थांबवणार कोण? ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन ८०० ते ९०० किलो. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर भरल्या ट्रॉलीचं एकूण वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या आत ठेवा, म्हणजे सव्वा टनापर्यंत. त्यात रिकाम्या ट्रॉलीचं वजन आलं. तवंदी घाटासारख्या उतारावर तेवढंही नको. उतरताना चढायला जो गिअर लागला असता तोच आधीपासून टाका. मध्येच क्लच दाबायचा नाही, न्यूट्रल तर नाहीच. दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने एकत्र जोडलेली हवीत. शेतात वळायला ती सुटी केलेली असतात आणि तशीच रस्त्यावर आली की एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॉली आडवी होते. ट्रॉली फक्त खालच्या हुकाला जोडा. टॉप लिंकच्या पिनेला जोडली तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं.

मागे लाल दिवा आणि रिफ्लेक्टर लावा. ट्रॉलीची नोंद विम्यात वेगळी करावी लागते. भाड्याने माल वाहणार असाल तर शेतीच्या पॉलिसीवर दावा नाकारला जाऊ शकतो, हे आधी विचारून घ्या.

प्रश्न : नवा ट्रॅक्टर, ऑइल कधी बदलावं? (खडकलाट)

उत्तर : पहिलं ५० तासांना, पुढे पुस्तकात लिहिलं असेल त्याप्रमाणे, साधारण २०० ते २५० तासांना, फिल्टरसह. पण तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलाच. पहिल्या ५० तासांत इंजिनला पूर्ण दाब देऊ नका आणि फार वेळ रिकामंही चालवू नका. चाकांचे आणि पुढच्या ब्रॅकेटचे नट पहिल्या दहा तासांनी पुन्हा आवळा. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत रोज झटका. कोरडा फिल्टर असेल तर हवा आतून बाहेर मारा, बाहेरून आत मारली की धूळ कागदात रुतते.